उसिरु बिडी

निपाणीच्या इस्पितळात, तळघरातल्या सर्व्हरवर
अकरा लाख छात्या आहेत.
त्यांच्यातून वाट काढून द्यायची,
डॉक्टरांना, तीन टिचक्यांत,
हे माझं काम.

आधी नावानं शोधायची सोय केली.
सत्यव्वा बाळू कमते
चार वेळा निघाली:
एकदा देवनागरीत, एकदा कन्नडात,
दोनदा इंग्रजीत, त्यात एकदा ए जास्तीचा.
गाव कुठं अकोळ, कुठं अक्कोळ.
यंत्राच्या लेखी चौघी जणी.
चौघींच्या डाव्या सातव्या बरगडीला
एकच जुनी गाठ,
वाकडी सांधलेली.

मग नावं बाजूला सारली.
आकारानं लावत गेले, सारखीला सारखी,
प्रत्येक चित्र नखाएवढं.
लांबून बघितलं तर
वखारीत वाळत टांगलेली पानं.
हे कुणाला बोलले नाही.
जवळ ओढलं की पान उलगडतं,
शिरा दिसतात.
खाली एक पट्टी, बोटानं सरकवली
की वर्षं सरकतात.

डॉक्टर मुचंडी म्हणाले, बरं जमलंय,
पण तेवढा राखाडी रंग उजळू नका,
माझी उमर त्यातच गेलीय.

नागरत्ना मागे उभी होती, एक्स-रेवाली,
हासनहून बदलून आलेली.
म्हणाली, मॅडम,
हे सगळे अजून श्वास धरूनच आहेत की.

तीच सांगते त्यांना, दिवसातून ऐंशी वेळा:
उसिरु हिडीरी.
खट्.
उसिरु बिडी. सोडा.
इकडची माणसं बिडरी म्हणतात,
तिच्या तोंडी अजून बिडीच.
मग विड्या वळणारी एखादी
खोकला येईस्तोवर हसते:
बिडी कशाला सांगतीस गं बाई,
तीच तर आत बसलीया.

त्या रात्री मी पडद्याच्या कोपऱ्यातली
बंद करायची फुली काढली.
तिथं लिहिलं: सोडा.
खाली कन्नडात, तेच.
समितीनं विचारलं, हे कशासाठी?
म्हटलं, चाचणीत दोन सेकंद वाचतात.
वाचत नव्हते.

सत्यव्वाच्या चार फायली आता एक झाल्यात.
पट्टी ओढत गेलं की
बरगडी तीच राहते,
भोवतीचं पांढरं वाढत जातं,
आणि दोन हजार सोळाच्या श्रावणात
चित्रं संपतात.
पट्टी तिथंच तोडावी, असा नियम आहे.
मी पुढची जागा
मोकळी ठेवलीय.