खिडकी क्रमांक दोन

हडपसरला गाडीतळामागं
अठरा खाटांचं आमचं हॉस्पिटल.
बिलाच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं.
आधी पावतीपुस्तक होतं, कार्बन घालून.
बेडेकर मॅडम राउंडवरून येताना
पेन्सिलीनं आकड्यावर आडवी रेघ मारायच्या,
शेजारी लिहायच्या, निम्मे घ्या.
कधी नुसतंच, राहू द्या.

आता स्क्रीनवर 'राहू द्या'चं बटण नाही.

योजना आली तेव्हा भिंतीवर फलक लागला,
मला दोन दिवसांचं ट्रेनिंग, चहा-बिस्किटांसकट.
शिकले, की पित्ताशयाला एक कोड असतो,
मांडीच्या हाडाला एक,
आणि प्रत्येक कोडला दिल्लीत कुणीतरी ठरवलेला भाव,
ज्यात भूलतज्ज्ञाचं पेट्रोलही धड बसत नाही.

पहिली केस सईदाबी बागवान. मांडीचं हाड.
जन्मभर परक्यांची भांडी घासून
अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या.
मशीन म्हणे, जुळत नाही.
पुसला, खोबरेल लावलं, दाबून धरला,
पाचव्यांदा हिरवा दिवा.
"पैसे?" लेकीनं विचारलं.
म्हटलं, नाहीत.
बटव्याच्या नाडीवर तिचा हात तसाच राहिला.

या खिडकीवर मी पाटल्या पाहिल्यात,
रिक्षाचं आरसी बुक पाहिलंय,
व्याजानं आणलेल्या नोटा मोजल्यात,
त्या जरा जास्तच नीट घडी केलेल्या असतात.
असा थांबलेला हात पहिल्यांदाच.

ते पैसे आम्हाला एकशे बारा दिवसांनी आले.
मध्ये तीन शंका:
एक्स-रे अस्पष्ट.
खाटेवरच्या फोटोत पेशंटचे डोळे मिटलेले.
सही हिरव्या शाईत.
ऑक्सिजनवाला रोज फोन करायचा,
आधी ताई म्हणायचा, मग मॅडम,
मग नुसताच आकडा.

नोव्हेंबरात मॅडमनी सह्या केल्या.
बाणेरची कंपनी.
सहा खाटा योजनेच्या, जिन्याकडच्या अंगाला,
बाकी बारांना एसी.
माझा पगार वाढला, खोटं कशाला बोलू.
निळा कोट, छातीवर नावाची पट्टी.

परवा सईदाबी तपासणीला आली, चालत.
कागदात बोरं बांधून आणलेली.
"मोठ्या बाई?"
त्या आता येत नाहीत, म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि बोरं माझ्याकडं सरकवली.

पावती कशाची फाडणार.
ड्रॉवरमध्ये ठेवली, पेन्सिलीच्या तुकड्याशेजारी.
दुपारपर्यंत चार खाल्ली.
एक किडकं निघालं.