दोनशे अठरावी ओळ

रात्रशाळेला यंदा साठ वर्षं होतात,
पत्रिका पाठवायच्या आहेत, म्हणून ही यादी.
सातशे नव्वद नावं, अकरा रकाने.
निहारने मला एका दुपारी शिकवलं :
नंबर दहा आकडी नसला की घर लाल होतं,
एकच माणूस दोनदा आला की दोन्ही ओळी पिवळ्या,
त्यातली एक उडवायची.
"आणि मावशी, स्रोत भरल्याशिवाय लाल जात नाही.
माहिती कुणी दिली ते लागतंच."

मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
सहा आकड्यांच्या आधी चार कधी लागला,
चाराच्या आधी दोन कधी,
हे मला निहारने सांगायला नको.
जुना नंबर वाचला की पेठ कळते.

पत्त्यांचं तसं नाही.
'मंडई, बटाट्याचा तिसरा गाळा.'
'पूरग्रस्त वसाहत, नळाजवळ.'
'द्वारा शिंपी, कसबा पेठ, जिन्याखाली.'
पिनकोडचं घर रिकामं
आणि शेऱ्यात कुण्या गुरुजींचं मत जसंच्या तसं उतरवलेलं :
हुशार. झोपतो.

एक नंबर आता केकच्या दुकानात वाजतो.
एकाने लोन नको म्हणून ठेवून दिला.
एका सुनेने सांगितलं, मार्चमध्ये गेले ते,
तरी आडनावातला उकार
माझ्याकडून दुरुस्त करून घेतला.

२१८ : हिरामण लक्ष्मण खुटवड, भवानी पेठ, लाकडाची वखार.
२१९ : हिरामण लक्ष्मण खुटवड, भवानी पेठ, लाकडाची वखार.
एकदा हजेरीतून आलेला, एकदा फीच्या वहीतून.
दोन्ही पिवळे.
उडवायच्या आधी विचारावं म्हणून फोन केला.

"हिरामण खुटवड आहेत का?"
"कुठला पाहिजे?"

वखारीत रात्री एकाला निजावं लागायचं.
म्हणून सोम-बुध-शुक्र एक भाऊ शाळेत,
बाकीचे वार दुसरा.
नाव एकच लावलं, फी एकच बसावी म्हणून.
"आणि परीक्षेला?"
"गणिताला मी. इतिहासाला तो.
भूमितीला कोण गेलं यावर अजून वाद आहे."
"तुम्ही कोण बोलताय?"
पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.
"आता सत्तरीला काय फरक पडतो, बाई.
किसन लिहा."

लिहिलं. पिवळा रंग गेला, दोन्हीकडचा.
सगळा दिवस मी दोघांचा एक करत होते,
इथे एकाचे दोन झाले.

"हिरामणरावांचा नंबर मिळेल?"
"आम्ही बोलत नाही. वखार विकली तेव्हापासून."

मी थांबले.
फोनवर थांबायचं कसं, ते आम्हाला नोकरीत शिकवलं होतं.

मग त्याने दहा आकडे सांगितले,
चष्मा न शोधता, वही न उघडता,
दोन-दोनच्या जोडीने,
ट्रंक कॉलच्या बायका सांगायच्या तसे.
हल्ली लोकांना स्वतःचा नंबर पाठ नसतो.
"मी दिला म्हणू नका."

लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.
आवाज इतका तोच, की मला वाटलं
चुकून मघाचाच लागला.
इमारतीचं नाव घेतलं, मजला घेतला, पिनकोड घेतला.
पडताळणीत 'होय' लिहिलं.
ठेवता ठेवता त्याने विचारलं,
"नंबर कुणी दिला?"
म्हटलं, एक्स्चेंजमधून.
"बरं," तो म्हणाला, आणि बराच वेळ ठेवला नाही.

नाव बरोबर, आकडे दहा, पत्ता पूर्ण.
फक्त स्रोत रिकामा,
म्हणून २१८ लाल आहे ती आहेच.
निहार येता-जाता बघतो,
मावशी, एवढं काय त्यात, काहीतरी टाका ना.

मी २२० उघडली आहे.
ढमढेरे, गंज पेठ.
शेरा : अक्षर बरे. वही आणत नाही.