लव

अंबडच्या शेडमध्ये मी दागिन्यांच्या डब्यांना
मखमल लावते.
लावते म्हणजे चिकटवत नाही, पेरते.
नायलॉनचा भुगा, मिलिमीटरभर लांबीचा,
गोंद ओला आहे तोवर
साठ हजार व्होल्टांतून सोडायचा.
एकेक तंतू ताठ उभा राहतो,
वर्गात साहेब शिरल्यासारखा.

सराफ बाजारातल्या कितीतरी अंगठ्या माझ्या डब्यांत झोपतात.
माझ्या बोटात एकही नाही.
यंत्राजवळ धातू चालत नाही.

सुकदेव गांगुर्डे आले ते गळाची काठी
जुन्या चादरीत गुंडाळून.
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर.
"पुढच्या मुठीला लावून द्या. डाव्या हाताच्या."
म्हटलं, काका, ही डब्यांची मखमल,
पाण्यानं भिजेल, उन्हानं विटेल,
रबर का नाही बसवून घेत?
"रबर तिला कळत नाही."

तिला?

मग उलगडलं. मासे धरतात त्या बाई,
हे नुसती बादली धरतात.
दारणाकाठच्या भोयांची लेक ती,
लग्नात भांड्यांसोबत काठी घेऊन आलेली.
मार्गशीर्षात डावी बाजू गेली.
पाय आला परत. बोलणं आलं, शिव्यांसकट.
हात तेवढा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, काहीबाही हातात देत चला,
खरखरीत, मऊ, गार.
यांनी तांदूळ दिले, घासणी दिली,
शेजारच्यांचं मांजराचं पिल्लू दिलं.
पिल्लू ओरबाडून पळालं, रक्त आलं,
ती टीव्ही बघत होती.
हे सांगताना काका हसले
आणि मध्येच थांबले.

कॉर्क जुना, चहासारख्या रंगाचा.
अंगठ्याच्या जागी झिजून खळगा.
भरून घेऊ का विचारलं, तर
हात आडवा घातला त्यांनी, माझ्या आणि काठीच्या मध्ये.

एप्रिल होता. हवा कोरडी ठाक,
अशा हवेत लव गोळे करून बसते.
फरशीवर पाणी मारलं, पोती भिजवून टांगली.
लाईट गेली. गोंद वाळला. खरवडला.
पुन्हा घासपेपर, पुन्हा टेप, पुन्हा गोंद,
पुन्हा लाईट गेली.
तिसऱ्या वेळी रात्री नवाला जमलं:
भुगा धुरळ्यासारखा उठला
आणि काठीच्या अंगावर काटा आला.
खरंच. मला दुसरा शब्द नाही.
माशातला काटा, तागडीचा काटा, आणि हा,
आपल्या भाषेनं तिन्ही एकाच बरणीत ठेवलेत.

रंग मरून. काळी लव संपली होती.

एक दिवस वाळवली, ब्रशनं झाडली,
शेडमध्ये कुणी नाही बघून गालाला लावली.
साडेतीनशे सांगितले, तीनशे घेतले.
नोटा त्यांनी मोजल्या अंगठा न ओलावता,
तीनच होत्या, तरी दोनदा.

पंधरा दिवसांनी पुन्हा दारात.
तीच चादर. कपाळाला आठी.
"खवले अडकतात हो यात. चिलापीचे.
धुतलं तरी निघत नाहीत."
खिडकीशी नेऊन पाहिलं.
मरून मखमलीत बारीक चकाकत होते,
दोन-चार इकडे-तिकडे,
बाकी सगळे खळग्यात, दाबून बसलेले.

म्हटलं, मी सांगितलं होतं, ही डब्यांची मखमल.
"तुम्ही सांगितलं होतं," ते म्हणाले,
"पण ती म्हणाली, जा, त्या बाईला सांगून ये."
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.
"टोचतात म्हणते."

मी चिमटा शोधायला लागले.
चिमटा समोरच होता, गोंदाच्या डब्यावर.
मी तिन्ही खण उघडून पाहिले.