जो प्लगइन सापडत नाही

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण कागदावर लिहिणारी मी एकटीच होते.

बर्लिन, वेडिंग. मागच्या आवारातली खोली,
जिथे पूर्वी पियानोचे हातोडे नव्या नमद्याने मढवत.
अजूनही फळीच्या फटीत कधी तारेचा तुकडा सापडतो.
हीटर दुपारी दोनलाच बंद पडला.
उपस्थिती: सात, आणि विब्केचा कुत्रा.

विषय एकच, नवं मानक.
म्हणजे सॉफ्टवेअरने वाद्याला हाक कशी मारायची,
वाद्याने ओ कशी द्यायची,
आणि त्या हाकेवर मालकी कुणाची.

विब्के म्हणाली, कुणाचीच नाही.
आजचा मालक लहर लागली की कुलूप बदलतो
आणि आपण जिन्यात उभे, नवी किल्ली मागत,
इथे सही, तिथे सही.
हाक मारायला करार कशाला लागतो?

डेटलेफ हसला.
तीन मानकांना पुरून उरलेला माणूस,
कोपरांवर झिजलेला स्वेटर.
"नव्याचे नऊ दिवस," म्हणाला.
"दहाव्या दिवशी मला आणि माझ्या एका मदतनिसाला
चार भाषांत ओ द्यावी लागेल.
चौथी भाषा फुकट आहे, मान्य.
ती शिकायच्या रात्री फुकट नाहीत."

हे मी शब्दशः लिहिलं.

इल्कनूर तोवर गप्प होती.
मग म्हणाली, माझ्या साझचा एक पडदा
तुमच्या काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या फटीत पडतो.
तिथला सूर वाकवायला गेले
की शेजारचे पाचही सूर वाकतात,
एकाने कूस बदलली की सगळी गादी हलावी तसे.
मला एकालाच उठवायचंय.
बाकीच्यांची झोप न मोडता.

डेटलेफने मान डोलावली नाही.
पेन्सिल मात्र खाली ठेवली.

कलम चौदावर दीड तास गेला:
गाणं उघडलं, आणि त्यातला प्लगइन सापडला नाही, तर?

आन्सगार म्हणाला, आवाज तसाच पुढे जाऊ द्यावा,
न रंगवता.
विब्के म्हणाली, छे, गप्प करावा.
रंग उडालेला आवाज खरा वाटतो,
आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की कुणीतरी गेलंय.
आवाज चढले. कॉफी कुणीतरी कीबोर्डवर सांडली.

डेटलेफने न विचारताच आपला लॅपटॉप जोडला.
वीस वर्षांपूर्वीचं गाणं, त्याचं आणि हार्टमुटचं.
एका चौकोनात राखाडी अक्षरं:
हार्टमुटच्या कंपनीचं नाव, त्याच्या रिव्हर्बचं नाव,
खाली, "सापडत नाही."
कंपनी आधी बंद झाली.
हार्टमुट नंतर, एका मार्चमध्ये.

त्याने गाणं लावलं.
ड्रम कोरडे, चेलो नाकासमोर,
सामान हलवलेल्या घरात बोलावं तसं.
उलट. घरच हलवलं होतं, सामान तिथेच.
कुत्र्याने मान वर केली.
चाळीस सेकंद. मग डेटलेफनेच थांबवलं.

"आकडे अजून फाइलमध्ये आहेत," तो म्हणाला.
"खोली किती मोठी, भिंती किती मऊ, सगळं.
मी वाचू शकत नाही. कुणीच नाही.
पण आहेत."

ठराव, कलम चौदा (आन्सगारची भाषा, विब्केची दुरुस्ती):
न सापडलेल्याचं नाव पुसू नये.
त्याच्या आकड्यांना हात लावू नये,
कळत नसले तरी
गाणं जपताना तेही जसेच्या तसे जपावेत.
बाजूने सात.

आवाज गप्प करावा की जाऊ द्यावा,
ते ठरलं नाही.
परवान्याचा मसुदा पुढच्या बैठकीत, हीटरसुद्धा.
मूळ मानकाच्या बाजूने पाच, विरोधात एक,
डेटलेफ तटस्थ.

कोट चढवताना त्याने विब्केला विचारलं,
वाद्य ज्या फंक्शनने ओ देतं त्याचं नाव काय ठेवलंय?
तिने सांगितलं.
"लांब आहे," तो म्हणाला. "रात्री दोनला टाइप करून बघ."

हे इतिवृत्तात घ्यावं की नाही, कळेना.
घेतलं.