सराफ्यात, पावणेतीन

गराडूवाल्यानं कढई उतरवली.
द्रोणाच्या तळाशी उरलेलं जिरावण
मी बोटानं पुसून खाल्लं
आणि त्याच बोटानं खिशातून फोन काढला.
ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे हा हात.
चाळीस वर्षं यानं जेल रोडच्या स्टुडिओत
निगेटिव्ह सुधारल्या :
काचेखाली दिवा, डोळ्याला भिंग,
पेन्सिलीला सुईसारखं टोक.
देवीचे व्रण बुजवले.
उपवर मुलींचा हनुवटीवरचा तीळ
ठेवायचा की काढायचा, ते त्यांच्या आयांना विचारून.
आता याच हातात कप दिला
की बशी आधी बोलायला लागते.

फोन म्हणतो, स्थिर धरा.
तीन सेकंद.
काय मागतोय ते त्याला ठाऊक नाही.

बंद शटरला पाठ टेकवली,
कोपर बरगडीत रोवलं, श्वास आतच ठेवला.
समोर झुबेदा. झारेकरीण;
इथे न्यारिया म्हणतात.
दिवसभर सोनारांच्या कानशीतून उडालेलं,
गिऱ्हाइकांच्या चपलांना चिकटून
ओट्याखाली उतरलेलं,
कुणालाच दिसत नाही असं सोनं
ती मऊ कुंच्यानं घमेल्यात ओढत होती,
शेवेच्या चुऱ्यासकट, कुल्फीच्या काड्यांसकट.

फोटो आला.
एवढा उजेड नव्हता हो. खरंच नव्हता.
आभाळ विटकरी, दुकानांच्या पाट्या वाचता येतात,
हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं,
जे मी पाहिलंही नव्हतं, त्याच्या मिशा मोजाव्यात.
प्रत्येक दिव्यातून तेलाचा एक तिरपा पट्टा,
माझ्या बोटाचा, गराडूचा.
आणि डावीकडे खाली, तिसऱ्या ओट्याच्या पायरीशी
एक हिरवा ठिपका.

झुबेदा नाही.
ती होती तिथे धूर,
खाली जाड, वर विरत गेलेला.
घमेलं मात्र अगदी ठसठशीत.
घमेलं हललं नव्हतं.

आमचे मालक पोरांना दटावायचे,
हललास तर फोटोतून जाशील.
पोरं घाबरून दगड व्हायची.
हिला हे कोण सांगणार,
आणि सांगितलं तर हिचं पोट कोण भरणार.

“बाबूजी, आई क्या मैं?”
मी फोन पुढे केला.
धुराकडे तिनं फारसं पाहिलं नाही.
ठिपक्यावर नख ठेवलं.
“ये किसका पन्ना गिरा?”

सांगितलं, पाचू नाही हा.
वरचा तो दिवा बघ, उजव्या कोपऱ्यातला;
त्याचंच हे बिंब, काचेत आपटून
उलट्या कोपऱ्यात पडलेलं.
जमिनीवर काही नाही.
ती हो म्हणाली,
तिसऱ्या ओट्याशी गेली, उकिडवी बसली
आणि पायरीची फट कुंच्यानं दोनदा झाडून घेतली.
आपल्याला काय, बघायला पैसे पडतात?

नात म्हणते, आजोबा, डाग काढायला
आता नुसतं बोट फिरवायचं.
फिरवलं. बोट थरथरलं,
आणि फोननं घमेलं पुसलं;
त्या जागी फरशी भरली,
इतकी सफाईदार की मलाही जमली नसती.
घाबरून मागे घेतलं सगळं.
घमेलं परत आलं. ठिपकाही.

“आता नीट काढा,” झुबेदा म्हणाली.
मी सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलं.
ती उभी राहिली, कुंचा छातीशी,
पदर कानामागे, पापणीसुद्धा न हलवता,
स्टुडिओत पहिल्यांदा आलेल्या माणसासारखी.

या खेपेला ती हलली नाही.
मी हललो.

दाखव म्हणाली तर काय दाखवू, म्हणून
फोन हातात धरून उभा होतो.
पण तिनं विचारलंच नाही.
फजरच्या आधी
अजून चार ओटे व्हायचे होते तिचे.