भिरूड

इंदूरला, कृषी महाविद्यालयाच्या आवारात
माझ्या स्कूटरच्या सीटवर बसून होता.
बोटाएवढा. राखाडी.
मानेवर दोन नारिंगी ठिपके,
मिशा अंगाहून लांब,
बैलाच्या शिंगांसारख्या मागे वळलेल्या.

भेरूलाल माळी वाकून म्हणाला, "कीड़ा है, साब."
तेवढं मलाही दिसत होतं.

चिमटीत धरला तर कुरकुरला,
तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.
घाबरून सोडला. म्हणजे घाबरलो मीच.

फोटो पाठवला देवासला, मनूमावशीला.
उत्तर एका शब्दाचं:
भिरूड.

म्हणजे हेच ते!
गणितात नापास झालो की आई म्हणायची,
"भिरूड लागलंय मेल्याच्या अकलेला."
मला वाटायचं, रोग असेल काहीतरी,
आतल्या आत भुसा पाडणारा.
चाळीस वर्षं शब्द सांभाळला,
धनी त्याचा आत्ता भेटला,
तोही पार्किंगमध्ये.

मावशीचा दुसरा निरोप:
आंब्याजवळ असेल तर ठेचून टाक.

वर पाहिलं. आंबाच.
खोडाशी ताजा भुसा, बोट जाईल एवढं भोक.

भेरूलाल एव्हाना चप्पल हातात घेऊन उभा.
म्हटलं, थांब रे जरा,
आत्ताच तर ओळख पटलीय.