आढळ

उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर पहाटे साडेचारला
हुसेन सारंग माझ्यासाठी बाजूला ठेवतो
विकायच्या लायकीचं नसलेलं.
आज गरगूरच्या तारेला चिकटून आलेले सात नग,
अंगठ्याहून थोडे मोठे.
"घे बाय, तुजी पोरं."

पोरं नाहीत ती. पूर्ण वाढलेल्या माकल्या आहेत.
एवढ्याच होतात.
हे त्याला पटवायला मला दोन हिवाळे लागले,
आणि पटलंय असं अजून वाटत नाही.

रंग उतरायच्या आत बघायला हवं,
म्हणून त्याच्याच फळीवर बसते.
प्रावरण बासष्ट मिलिमीटर. भुजा आठ,
शिवाय दोन लांब, खिशात हात घातल्यासारख्या,
कोळंबी दिसली तरच बाहेर येणाऱ्या.
डोळ्यातली बाहुली म्हणजे देवनागरी तीन,
आडवा पडलेला.
हृदयंही तीन: दोन कल्ल्यांपुरती,
एक उरलेल्या सगळ्याला.
रक्तात लोखंड नाही, तांबं आहे;
हवा लागली की निळं पडतं,
न घासलेल्या कळशीच्या काठाला धरतं तसं.
अन्ननलिका मेंदूच्या मधोमध जाते.
मोठा घास घेतला तर विचारालाच दुखापत.
(अहवालात मी हे असं लिहीत नाही.)

रंग ओळखता येत नाहीत हिला.
तरी वाळूवर वाळू, शेवाळावर शेवाळ,
आणि आत्ता, मेल्यावरसुद्धा,
सुरीच्या टोकाभोवतून एक तपकिरी लाट
पाठभर फिरली.
कुणाला उद्देशून, कळलं नाही.

मग पाठ उघडली.
पांढरी होडी, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ.
आत पापुद्र्यांचे मजले, मजल्यांत हवा.
थोडं पाणी घ्यायचं, थोडं सोडायचं,
हवं त्या खोलीला थांबायचं.

ही माझ्या ओळखीची निघाली.

परंड्याला समुद्र नाही. किल्ल्याला खंदक आहे,
उन्हाळ्यात त्यातही काही नसतं.
पण मालपाणींच्या काष्ठौषधीच्या दुकानात
तिसऱ्या बरणीत हे होतं. समुद्रफेन.
कान फुटला की वस्त्रगाळ करून चिमूटभर.
मी सात वर्षांची, मान वाकडी करून पडलेली,
आत पडद्याशी बारीक खरखर.
आई म्हणाली, फेस आहे गं, समुद्राचा, वाळलेला.
कुणाची तरी पाठ आहे
हे तिलाही कुणी सांगितलं नसणार.

फॉर्मवरचा शेवटचा रकाना: आढळ.
छापील नकाशावर ठिपक्यांची रेघ
कुवेतहून निघते, कतारला वळसा घालते,
होर्मुझपाशी येते, संपते.
पुढे नुसता निळा.

हुसेन हात धुता धुता वाकून बघतो.
"ही? आमच्या बाणकोटला डोलीत यायची की.
वंजळभर. चाचा परत टाकायचा पान्यात.
इतकीशी कोन खानार?"
कधी?
"मी असेन दहा-बाराचा."
मग कुणाला सांगितलं नाहीस?
तो नळ बंद करतो.
"कुनी इचारलान?"

म्हणजे रेघ होर्मुझला संपत नाही.
विचारणारे तिथून मागे फिरले, एवढंच.

नियम आहे, नमुना नाही तर नोंद नाही.
ऐकीव चालत नाही. मलाही ते मान्य आहे.
तरी पेन्सिल घेऊन बाणकोटच्या समोर
एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं,
खोडता येईल असं.

शाईची पिशवी मघाशीच फुटली होती.
त्याच बोटाने, नकाशाच्या कडेबाहेर,
खवल्यांनी भरलेल्या हुसेनच्या फळीवर,
परंडा अंदाजाने जिथे यायला हवा तिथे
एक टिंब ठेवलं.

"बाकीच्या सहांचं काय करू?" त्याने विचारलं.